गच्चीवर सोलरवाली सावली: बांधायच्या आधी उतरवायचं शिका

पहिली सावली मी बांधली ती आमच्याच बिल्डिंगच्या गच्चीवर, मुलुंडला. १२ बाय १० ची निळी ताडपत्री, चार कोपरे चार पाइपांना, चारही एकाच उंचीवर, एकदम सपाट, वर एक वाकणारं सोलर पॅनल सिलिकॉनने चिकटवलेलं आणि खाली एलईडीची पट्टी. दोन आठवडे सगळ्यांनी कौतुक केलं, फोटोबिटो काढले. मग जूनच्या पहिल्या दणक्यात रात्रभरात मधोमध पाण्याची ही एवढी पखाल लोंबायला लागली, पहाटे एका कोपऱ्याचं आयलेट, म्हणजे दोर ओवायची धातूची कडी, फाटकन सुटलं आणि सगळं पाणी गच्चीच्या दारातून जिन्यात, जिन्यातून थेट खालच्या काकूंच्या पायपुसण्यापर्यंत. काकू आजही मला "ताडपत्री" म्हणूनच हाक मारतात.

तेव्हापासून एक गोष्ट डोक्यात फिट बसली. मुंबईत उन्हाची सोय करणं सोपंय, कापड ताणलं की झालं, पण ते कापड वारा सुटल्यावर किती मिनिटांत खाली येतं यावर सगळं डिझाइन उभं राहतं. म्हणून प्रत्येक काम मी उतरवायचं कसं हे डोक्यात ठेवूनच सांगणारे.

ही लवचिक सावली, म्हणजे ताणलेलं कापड आणि जोडीला सोलरचे दिवे, साधारण १० बाय १० किंवा १० बाय १२ फुटांच्या कामासाठी आहे, म्हणजे सोसायटीची गच्ची, चाळीचं अंगण, बंगल्याची मागची जागा. त्याच्यापेक्षा मोठं करायचं असेल तर स्ट्रक्चरल इंजिनीयर लागतोच, तिथे यूट्यूब बघून हात घालू नका.

पहिलं काम: एक अख्खा दिवस ऊन बघा

हे कोणी करत नाही आणि मग रडतात. घरी पडून राहायच्या रविवारी गच्चीवर जा, जिथे बसायचंय तिथे एक खुर्ची ठेवा, आणि दर तासाला खडूने तिची सावली आखा. मुंबईत सूर्य डोक्यावर बाराला येत नाही, साडेबाराच्या पुढे पाच-दहा मिनिटांनी येतो, कारण आपलं घड्याळ ८२.५ अंश रेखांशाचं आणि आपण बसलोय ७३ च्या अलीकडे. आणि मेच्या मध्याला आणि परत जुलैच्या शेवटी तो इतका बरोबर डोक्यावर येतो की खांबाची सावली खांबाच्या पायातच पडते, शून्य सावलीचा दिवस म्हणतात तो.

आता गंमत बघा. दुपारी साडेबाराला सपाट छत बरोबर तुमच्या डोक्यावर सावली देतं, पण गच्चीवर साडेबाराला जातं कोण? लोक जातात चार-साडेचारला. मेच्या सुरुवातीला चार वाजता सूर्य साधारण ४१ अंशांवर असतो. कापड ८ फुटांवर बांधलं असेल तर त्याची सावली पूर्वेला ९ फुटांच्या वर सरकलेली असते, साडेचारला जवळपास १२ फूट. म्हणजे १० फुटी छताची सावली छताखाली नाहीच, ती पलीकडे टाकीजवळ पडलीय आणि तुम्ही छताखाली बसून भाजताय. माझ्याकडे हे झालंय, खुर्च्या उचलून सावलीच्या मागे मागे फिरायचो आम्ही, घरचे हसायचे.

यावर उपाय एकच, पश्चिमेची बाजू खाली यायला पाहिजे. लवचिक सावली म्हणतात ती एवढ्याचसाठी, कापड वाकतं म्हणून नाही. पश्चिमेच्या कोपऱ्याला कप्पी लावायची, दुपारी कोपरा वर, चारला दोर सोडून कोपरा साडेचार-पाच फुटांवर. आणि तीच कप्पी वादळात तुमचा जीव वाचवते, ते पुढे येतंच.

दुसरं काम: परवानगी, गळती आणि कठडा

सोसायटीची गच्ची सगळ्यांची असते, सेक्रेटरी तोंडी हो म्हणाले त्याला काही अर्थ नाही, कमिटीच्या मीटिंगमध्ये ठराव करून लेखी घ्या. ते तात्पुरतं आहे, उतरवता येतं, स्लॅबला भोक नाही, असं स्पष्ट लिहा. पक्कं छप्पर, पत्रा, बांधकाम असलं काही डोक्यात असेल तर तो महापालिकेचा विषय, आधी वॉर्ड ऑफिस. फूटपाथवर तर विचारही करू नका.

स्लॅबला ड्रिल मारायचं नाही म्हणजे नाही. गच्चीवर विटांच्या तुकड्यांचा कोबा असतो, त्याखाली वॉटरप्रूफिंग, तुम्ही एक अँकर फास्टनर मारला की पुढच्या पावसात वरच्या मजल्यावाल्यांच्या बेडरूममध्ये डाग, आणि मग तो डाग आधीपासून होता की नव्हता यावर तीन वर्षं भांडण.

आणि कठडा. दिसायला मजबूत दिसतो, पण बऱ्याच जुन्या बिल्डिंगमध्ये ती नुसती चार-पाच इंची विटांची भिंत असते, उभा भार घेते, आडवी ओढ घेत नाही. कापडाची ओढ आडवीच असते. कठड्याला हूक मारून ताण दिला आणि वाऱ्यात त्यातली एक वीट जरी खाली रस्त्यावर गेली तर काय होईल ते सांगायला नको. टाकीचे आरसीसी पिलर, लिफ्टच्या खोलीचे पिलर, हे चालतात, पिलरला भोक न पाडता भोवती क्लॅम्प किंवा पट्टा घ्यायचा. बाकीच्या कोपऱ्यांना पाइपाचे खांब आणि खाली वजन.

तिसरं काम: वाऱ्याचा हिशोब, वहीवर

इथे जरा बसून वाचा. वाऱ्याचा जोर काढायचं सूत्र सोपंय: वेग मीटर प्रति सेकंदात घ्या, त्याचा वर्ग करा, ०.६ ने गुणा, उत्तर येतं न्यूटन प्रति चौरस मीटर, त्याला १० ने भागलं की ढोबळ किलो. वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो, ही एवढी एक गोष्ट लक्षात राहिली तरी पुरे.

१० बाय १० फूट म्हणजे ९.३ चौरस मीटर. ताशी ७२ किमीच्या झोताला सपाट, बंद कापडावर सगळा जोर आला असं धरलं तर साधारण २३० किलो. १०८ किमीला ५०० च्या वर. भारतीय मानकात, म्हणजे आयएस ८७५ च्या तिसऱ्या भागात, मुंबईसाठी डिझाइनचा मूळ वेग ४४ मीटर प्रति सेकंद धरलाय, ताशी १५८ किमी, त्याला हाच हिशोब लावला तर टनाच्या वर जातो. कापडाचा आकार, उंची, मोकळी जागा यानुसार हे कमीजास्त होतं, पण अंदाज यायला बास. १७ मे २०२१ ला तौक्ते वादळ बाहेरून निघून गेलं तरी कुलाब्याला १०० किमीच्या वर झोत होते. आणि १३ मे २०२४ ला घाटकोपरला होर्डिंग पडलं, १७ माणसं गेली, ते तर चक्रीवादळही नव्हतं, पावसाआधीचं धुळीचं वादळ, दुपारी अचानक. मे महिना हा आपल्याकडे सावलीचा सीझन आणि तोच अशा वादळांचाही.

आता वजन. रंगाचा २० लिटरचा रिकामा डबा घ्या, मधे पाइपाचा तुकडा उभा करून काँक्रीट भरा, ४८ किलोच्या आसपास होतो. मी एका खांबाला असे दोन डबे लावतो, म्हणजे ९६ किलो. ७२ किमीच्या वाऱ्यात एका कोपऱ्याच्या वाट्याला वर उचलणारा जोर येतो ५७-५८ किलो, तो हे दोन डबे धरतात, वर बाहेरच्या बाजूला एक ताणदोर पाहिजेच कारण आडवी ओढ वेगळी. १०८ किमीला मात्र एका कोपऱ्यावर सव्वाशे किलोच्या वर जातं, तिथे डबे हरले.

मग डबे वाढवायचे का? नाय. चालत्या-फिरत्या गच्चीच्या स्लॅबला साधारण १५० किलो प्रति चौरस मीटर भार धरलेला असतो, तोही नवीन, धडधाकट स्लॅबला. जुन्या बिल्डिंगवर मधोमध रेतीचे ड्रम रचायला लागलात तर आगीतून फुफाट्यात. म्हणून डबे बीम किंवा पिलरच्या वर येतील असे ठेवायचे, आणि ठरवून टाकायचं की हे स्ट्रक्चर मोठं वादळ झेलणारच नाही, त्याच्या आधी कापड खाली आलेलं असेल. हवामान खात्याचा ४०-५० किमी वेगाच्या सोसाट्याच्या वाऱ्याचा इशारा आला की माझं कापड पिशवीत. आकाश निळंशार असलं तरी.

चौथं काम: आकार, आणि जुनी लेगिंग

सपाट कापड दोन गोष्टी करतं, वाऱ्यात फडफडतं आणि पाण्यात पोट काढतं. एक मीटर बाय एक मीटरच्या खड्ड्यात १० सेंटीमीटर पाणी साचलं की १०० किलो झाले, पाण्याला दयामाया नाही. म्हणून समोरासमोरचे दोन कोपरे वर, दुसरे दोन खाली. कापड मग घोड्याच्या खोगिरासारखं वळतं, एका दिशेने वर, दुसऱ्या दिशेने खाली, आणि दोन्हीकडून ताणलं गेल्यामुळे फडफड बंद. पाणी आपोआप खालच्या कोपऱ्यांकडे पळतं. ताडपत्री लावणार असाल तर उतार दर तीन-चार फुटांना एक फूट तरी द्या, जाळी असेल तर थोडं कमी चालतं.

हे कागदावर कळत नाही. फ्राय ओटो म्हणून जर्मन आर्किटेक्ट होते, १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकच्या स्टेडियमचं ते तंबूसारखं छत त्यांच्या हातचं, ते साबणाच्या पाण्याच्या पडद्यावर आकार शोधायचे. आपल्याला साबण नको, घरातली एक फाटकी लेगिंग घ्या, हाताएवढा चौकोन कापा, थर्माकोलच्या तुकड्यावर चार काड्या रोवा, दोन उंच दोन बुटक्या, कोपरे टाचणीने ताणा. जिथे सुरकुती पडते तिथे खऱ्या कापडातही पडणार. मग वरून चमच्याने पाणी सोडा, कुठे साचतंय बघा. मोबाइलचा टॉर्च पश्चिमेकडून ४० अंशांवर धरा आणि सावली कुठे पडते तेही बघा. अर्ध्या तासाचा खेळ आहे, पोरांना बरोबर घ्या, त्यांना जास्त कळतं.

लेगिंगच्या कडा बघा, त्या आपोआप आत वळलेल्या दिसतील. खऱ्या कापडाच्या कडाही सरळ नाही कापायच्या, कमानीसारख्या आत कापायच्या, १० फुटांच्या कडेला मधोमध १० इंच ते एक फूट आत. सरळ कड कापली तर ती ताणच घेत नाही, लुंगीसारखी लोंबते. आणि कापड दोन खांबांमधल्या अंतरापेक्षा लहान पाहिजे, दोन्ही टोकांना मिळून दहावा हिस्सा हार्डवेअरसाठी मोकळा सोडा, नाहीतर ताण द्यायला जागाच उरत नाही.

पाचवं काम: कापड आणि ते शिवणारा माणूस

उन्हासाठी शेडनेट, एचडीपीई नावाच्या चिवट प्लास्टिकची विणलेली जाळी. माणसं बसणार असतील तर ७५ टक्के ऊन अडवणारी, कुंड्या असतील तर ५० टक्के, ९० टक्केवाली घेतली तर खाली कोंदट होतं असं माझं मत. जाळीतून थोडा वारा जातो, खालची गरम हवा वर निघते. पाऊस मात्र अडत नाही. पाऊसही अडवायचा असेल तर पीव्हीसी कोटिंगचं कापड, साध्या निळ्या ताडपत्रीचा एका उन्हाळ्यात पापड होतो, कडेने सोलायला लागते. माझा सल्ला, पहिल्या वर्षी जाळीच घ्या. पावसाळ्यात गच्चीवर तसंही कोण बसतंय, चार महिने कापड घरात राहू दे.

शिवायला कुठे द्यायचं? मी आधी नेहमीच्या शिंप्याकडे गेलो, त्याने हात जोडले. मग कळलं की रिक्षाचं हूड शिवणाऱ्यांकडे जायचं. त्यांच्याकडे जाड कामाचं मशीन असतं, आयलेटचा पंच असतो, आणि ऊन-पाऊस खाणारं कापड कसं शिवायचं हे त्यांच्या हातात असतं. त्यांना तीन गोष्टी सांगायच्या: दोरा पॉलिएस्टरचा, सुती नको, तो उन्हात कुजतो. कडेला सगळीकडून दोन इंची सीटबेल्टची पट्टी शिवायची, ओढ पट्टीने घ्यायची, कापडाने नाही. आणि कोपऱ्याला तीन थरांचा त्रिकोण घालून पट्टीत स्टीलची रिंग अडकवायची. नुसतं आयलेट कोपऱ्यात अजिबात नको, माझं फाटलं ते तिथेच.

सहावं काम: लोखंडी सामान

यात फार काही नाही, पण यात कंजुषी नको. मुंबईच्या नागदेवी बाजारात गेलात तर डी शॅकल (पिनने बंद होणारी कडी), टर्नबकल (फिरवून ताण द्यायचा स्क्रू), वायर रोप, कप्पी, सगळं एकाच गल्लीत मिळतं. खांबाला दोन इंची जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा असलेला पाइप घ्या, साधा काळा पाइप रंग लावूनही दोन पावसाळ्यांत गंजायला लागतो. स्टेनलेस स्टील ३०४ आपल्यासारख्या आतल्या उपनगरात चालतं, पण वरळी, दादर चौपाटी, वर्सोवा, थेट समुद्राच्या तोंडावर असाल तर ३१६ मागा, ३०४ ला तिथे खाऱ्या हवेने चहाच्या डागासारखे ठिपके येतात. ॲल्युमिनियमच्या पाइपाला स्टीलचे बोल्ट थेट लावू नका, मधे नायलॉनचा वॉशर घाला, नाहीतर खाऱ्या ओलाव्यात ॲल्युमिनियम पांढरी भुकटी होऊन झडतं.

खांब सरळ उभे नका करू, बाहेरच्या बाजूला पाच-सात अंश झुकवा, कापडाने ओढल्यावर ते आपोआप सरळ होतात. तीन कोपऱ्यांना टर्नबकल, आणि चौथ्या, म्हणजे पश्चिमेच्या उंच कोपऱ्याला कप्पी, तिचा दोर खाली छातीच्या उंचीवर अडकवायचा, शिडी न लावता एका माणसाला सोडता आला पाहिजे. टेम्पोवाले ताडपत्री आवळताना जी गाठ मारतात, ओढली की घट्ट आणि शेपूट खेचलं की मोकळी, ती शिकून घ्या. पक्की गाठ मारणारा माणूस वादळात पावसाने भिजलेली गाठ दातांनी सोडवत उभा राहतो, मी राहिलोय.

सातवं काम: सोलर, पण कापडाला चिकटवून नाही

आता तुम्ही ज्यासाठी आलात ते. आधी खर्च किती विजेचा ते लिहा, वॅट गुणिले तास. माझं असं होतं: २० वॅटचे दिवे ५ तास म्हणजे १००, १५ वॅटचा १२ व्होल्टचा छोटा पंखा ४ तास म्हणजे ६०, आणि चार मोबाइल धरून ६०. एकूण २२० वॅट-अवर रोजचे. १०० वॅटचं पॅनल, दिवसाचे पूर्ण उन्हाचे मी ४ तासच धरतो, आणि उष्णता, धूळ, वायर, बॅटरी या सगळ्यांनी आपापला वाटा खाल्ल्यावर ६५ टक्के हातात येतात, म्हणजे २६०. जमतं. पावसाळ्यात हेच मी २ तास धरतो, १३० उरतात, तेव्हा पंखा आणि मोबाइल बंद, फक्त दिवे.

पॅनल घेताना दुकानदाराच्या स्टिकरवर जाऊ नका, टेप घेऊन जा. चांगल्यातल्या चांगल्या पॅनलमधून एका चौरस फुटाला फार तर २०-२२ वॅट निघतात. म्हणजे १०० वॅटचं पॅनल साडेचार-पाच चौरस फुटांच्या फार खाली असूच शकत नाही. मला ऑनलाइन एकाने पेपरच्या पानाएवढं पॅनल १०० वॅट म्हणून पाठवलेलं, ते परत करायला तीन आठवडे गेले.

वाकणारं पॅनल की काचेचं? काचेचं १०० वॅटवालं सात-आठ किलोचं, वाकणारं दोनच्या आसपास. कापडाबरोबर वर-खाली न्यायचं तर वाकणारंच बरं वाटतं, आणि तिथेच सगळे फसतात. आतले सेल सिलिकॉनच्या पातळ चकत्या आहेत, वाकणारं म्हणजे एकदा हळूच वाकवून तसंच ठेवायचं, रोज फडफडायचं नाही. माझं पहिलं पॅनल कापडाला चिकटवलेलं होतं, नवीन असताना दुपारी पाच-सव्वापाच अँपिअर द्यायचं, दोन महिन्यांनी मल्टिमीटर लावला तर अडीच. वरून बघितलं तर काही दिसत नव्हतं, तिरक्या उन्हात धरलं तेव्हा सेलवर केसासारख्या रेषा दिसल्या. शिवाय चिकटवलं की मागून हवा नाही, पॅनल ६५ अंशांपर्यंत तापतं, आणि २५ च्या वर प्रत्येक अंशाला ०.४ टक्के धरले तरी १६ टक्के वीज तिथेच गेली.

म्हणून आता मी असं करतो. दुकानांचे बोर्ड बनवणाऱ्यांकडून एसीपी शीटचा, म्हणजे ॲल्युमिनियम-प्लास्टिकच्या कडक पत्र्याचा तुकडा आणायचा, पॅनलपेक्षा दोन इंच मोठा, त्यावर पॅनल आयलेटमधून बोल्ट करायचं, मधे नायलॉनचे वॉशर म्हणजे बोटभर हवा खेळते. हा पाट दक्षिणेच्या खांबाला दोन हुकांवर, दक्षिणेकडे तोंड करून, २० अंशांच्या आसपास तिरका. मुंबईचा अक्षांश १९, त्यामुळे वर्षभरासाठी हाच कोन बरा, आणि पाऊस पडला की धूळही धुऊन जाते. शिवाय एक सेफ्टी दोर पाटाला वेगळा, हूक निसटला तरी पाट खाली जाणार नाही. कापड उतरलं की पाटही उतरतो, दोन हूक, एक कनेक्टर.

पॅनलवर कशाचीही सावली पडता कामा नये, टाकीची नाही, केबलवाल्याच्या वायरचीही नाही. सेल एकामागे एक माळेसारखे जोडलेले असतात, एकावर नारळाची झावळी आली की सगळ्या माळेचा प्रवाह अडतो. कबुतरं काय करतात ते सांगत नाही, दर रविवारी ओल्या फडक्याने पुसा, सकाळी, पॅनल थंड असताना.

बॅटरी लिथियम आयर्न फॉस्फेटची घ्या, १२.८ व्होल्ट, ५० अँपिअर-अवर, म्हणजे ६४० वॅट-अवर, त्यातले ८० टक्के वापरले तर दोन ढगाळ दिवस निघतात. जुनी इन्व्हर्टरची बॅटरी पडलीय ती वापरू का असं सगळे विचारतात, वापरा, पण ती अर्धीच वापरता येते आणि गच्चीवर चढवताना कंबर जाते. चार्ज कंट्रोलर, म्हणजे पॅनलची वीज बॅटरीत बेताने भरणारा डबा, १० अँपिअरचा पुरतो, त्यात लिथियमचं सेटिंग आहे का बघून घ्या. लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात एमपीपीटी (पॅनलमधून जास्त वीज काढणारा, महाग प्रकार) लिहिलेला डबा फारच स्वस्त मिळाला तर समजा आत साधा, स्वस्तातला पीडब्ल्यूएम आहे, १०० वॅटला तोही चालतो, फक्त एमपीपीटीचे पैसे देऊ नका.

जोडायचा क्रम: आधी बॅटरी, मग पॅनल, शेवटी दिवे. काढताना उलटं. बॅटरीच्या प्लसपासून वीतभर अंतरावर १५ अँपिअरचा फ्यूज, गाडीच्या स्पेअरपार्टवाल्याकडचा ब्लेड फ्यूज होल्डरसकट घ्या. १२ व्होल्टने शॉक लागत नाही म्हणून लोक निवांत असतात, पण या बॅटरीची दोन टोकं पान्याने जोडली गेली तर पाना लाल होऊ शकतो.

वायरचं गणित वेगळं. १० मीटर लांब १.५ चौरस मिलिमीटरची वायर, जाऊन-येऊन २० मीटर, ५ अँपिअर, सव्वा व्होल्टच्या आसपास वायरमध्येच खलास, १२ मधले १० टक्के. तीच ४ ची घेतली तर अर्धा व्होल्ट. म्हणून ४ ची सोलर केबल, लोहार चाळीत मीटरवर मिळते, आणि बॅटरीचा डबा पॅनलच्या जवळ, पण सावलीत.

डबा वॉटरप्रूफ घ्या आणि वायरी खालून आत घ्या, ग्लँड (वायरभोवती आवळणारं बूच) लावून, आणि आत जायच्या आधी वायरला खाली एक झोळ द्या, पाणी त्या झोळाच्या टोकाला गळून पडतं. माझ्या डब्यात पाणी कधी नाही गेलं, मुंग्या गेल्या. कंट्रोलरच्या उबेला त्यांनी अंडी घातली होती, रिले चिकटला. आता ग्लँडच्या कडेला सिलिकॉन असतं.

आणि हो, पंतप्रधान सूर्य घरची सबसिडी याला मिळणार का? नाही, ती ग्रिडला जोडलेल्या छतावरच्या सिस्टिमला आहे. हे आपलं सुटं काम.

आठवं काम: दिवे

हिरव्या शेडनेटखाली पांढरा दिवा लावून बघा एकदा. कोजागरीला आमच्याकडे सगळ्यांचे चेहरे काविळ झाल्यासारखे दिसत होते, मसाला दूध पण हिरवट. रात्री बसायचं असेल तर जाळी बेज किंवा पांढरट घ्या, आणि दिव्याचा रंग ३००० केल्विन, पिवळसर. पिवळ्यावर किडेही कमी येतात, पहिल्या पावसानंतर पंखवाली वाळवी उठते तेव्हा हे कळतं, त्या दोन-तीन रात्री तर दिवे बंदच ठेवलेले बरे.

पट्टी कापडाला शिवायची नाही. कडेच्या वायर रोपला काळ्या केबल टायने बांधा, पांढरे टाय उन्हात तीन-चार महिन्यांत तुटतात. तोंड खाली नको, वर कापडाकडे करा, उजेड कापडावर आपटून मऊ होऊन खाली येतो, डोळ्यांत घुसत नाही. आयपी ६५ च्या वरची, म्हणजे पाण्याचा मारा सोसणारी पट्टी, आणि जिथे कापाल ते टोक परत सिलिकॉनने बंद. पाच मीटरच्या पट्टीला एकाच टोकाने वीज दिली तर दुसरं टोक मंद दिसतं, दोन्ही टोकांनी द्या. कंट्रोलरच्या लोडला टायमर असतो, अंधार पडला की चालू, पाच तासांनी बंद, तो लावून टाका, सोसायटीतलं कोणी बंद करायला वर जाणार नाहीये.

पट्टी आणि कापड यांच्यात एकच कनेक्टर ठेवा, हाताने सुटणारा. दहा ठिकाणी वायरी बांधलेल्या असतील तर उतरवताना कात्री लागते.

नववं काम: रंगीत तालीम

सगळं बांधून झालं, फोटो काढले, आता लगेच उतरवा. घड्याळ लावून. क्रम असा: दिव्याचा कनेक्टर, पॅनलचा कनेक्टर, पाट, मग पश्चिमेची कप्पी सोडायची, ताण गेला की बाकीचे तीन शॅकल हातानेच सुटतात, कापड खांबापासून खांबाकडे गुंडाळत जायचं, घडी घालायची नाही, घडीवर कोटिंग तडकतं. मग एकदा ज्याने हे कधी केलं नाही अशा माणसाकडून करवून घ्या. तुम्ही ऑफिसला असताना, ठाण्याच्या पुढे लोकल अडकलेली असताना वारा सुटणार आहे, तेव्हा घरी जो असेल त्याला जमलं पाहिजे. आमच्याकडे माझ्या आईला जमतं, पाट तिला जड जातो म्हणून तो वॉचमन काढतो. क्रम लिहिलेला कागद लॅमिनेट करून गच्चीच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवलाय.

मेच्या शेवटच्या आठवड्यात कापड पावसाळाभरासाठी खाली येतं. धुऊन, खडखडीत वाळवून मगच पिशवीत, ओलं ठेवलं तर गणपतीपर्यंत बुरशी. बॅटरी मात्र डब्यातच, पॅनल टाकीच्या भिंतीला, दोन दिवे जिन्यातल्या अंधारासाठी चालू. शॅकल आणि टर्नबकलच्या आट्यांना ग्रीस लावून एका जुन्या श्रीखंडाच्या डब्यात. सध्या आमचं उतरवायचं टायमिंग सात मिनिटं आहे, त्यातली दोन वॉचमनला हाका मारण्यात जातात.